खिळ्यावरच्या तीन पिना

मशीनवाल्या आजोबांनी लढाईत शत्रूची तीन विमानं पाडली, हे त्यांच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुरावा मागा, लोक दुकानाकडे बोट दाखवतात. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं पोट आत घ्यावं एवढं. कामाच्या टेबलाच्या वर भिंतीत एक खिळा आहे. खिळ्याला तीन पोलादी पिना टांगलेल्या, बोटभर लांबीच्या, प्रत्येकीला एक विटकी लाल फीत. एक फीत म्हणजे एक विमान, आणखी काय पुरावा पाहिजे?

शेजारचा शिंपी तर ही लढाई रोज लढतो. तोंडातला दोरा दातानं तोडायचा, मापाची टेप हवेत गरगर फिरवायची आणि सुरू. "पहिलं पाडलं ढगाच्या वर. दुसरं पाडलं ढगाच्या खाली. आणि तिसरं, ताई, ऐकताय ना? तिसरं ढगाच्या आत! दिसत काय होतं? काही नाही! नुसत्या आवाजावर, ठो!" माप द्यायला आलेली बाई दोन्ही हात वर करून तशीच उभी. शरण आल्यासारखी.

खरी गोष्ट अशी, की आजोबांनी आयुष्यात शत्रूचं एकही विमान पाडलेलं नाही. विमान उडवलेलंही नाही. उडत्या विमानात ते बसलेसुद्धा नाहीत. घरातला दिवा गेला तर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्यांचे डोळे गच्च मिटतात, आणि खालून आजी म्हणते, "उतरा शूरवीर. मी चढते."

मग ते शिंप्याला गप्प का करत नाहीत? नातीनं एकदा विचारलं होतं. (ही नात म्हणजे हे लिहिणारीच. पण तिचं इथं फार काम नाही, तिला शेवटी बोलवू.) आजोबा मशीनमध्ये तेलाची कुपी धरून म्हणाले, "बोलू दे गं. त्याचं तीनावर भागतंय."

त्याचा अर्थ तिला पुढे कळला. लोकांच्या मते आजोबांनी तीन विमानं पाडली होती. आजोबांच्या मते त्यांनी एकच पाडलं होतं, आणि ते आपलंच.

पन्नास वर्षांपूर्वी आजोबा हवाई दलात मेस्त्री होते. बावीस वर्षांचे, काटकुळे, कानात कायम इंजिनाचा आवाज. गावाबाहेरच्या धावपट्टीवर दोन विमानं शेजारी शेजारी उभी असायची. एक जोडीदार मेस्त्रीच्या हाताखाली, एक आजोबांच्या. जोडीदाराच्या विमानाचे वैमानिक होते लंबूसाहेब. एवढे उंच, की विमानात शिरताना घडी घालून ठेवल्यासारखे दिसायचे. आजोबांच्या विमानाचे होते बिस्किटसाहेब.

बिस्किटसाहेबही बावीसचेच. ते प्रत्येक उड्डाणाआधी पैज लावायचे.

"मेस्त्री, आज काही मी परत येत नाही. लाव पैज."

"येणार साहेब."

"एक बिस्कीट?"

"एक बिस्कीट."

आणि दीड-दोन तासांनी ते परत यायचे, काच उघडायच्या आधीच आतून कपाळावर हात मारून दाखवायचे, हरलो म्हणून. खाली उतरून खिशातलं बिस्कीट काढायचे. त्या बिस्किटानं चाक अडवता आलं असतं, इतकं ते कडक. आजोबा ते पाण्यात बुडवून खायचे. सतरा उड्डाणं, सतरा बिस्किटं. बिस्किटसाहेब मुद्दाम हरणारी पैज लावतात, हे आजोबांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण ते बोलले नाहीत. ज्याला हरायचं आहे त्याला हरू द्यावं.

आता त्या पिनांबद्दल. विमान जमिनीवर उभं असताना चाकं चुकून मिटू नयेत म्हणून तिन्ही चाकांना एकेक पिन खोचतात. चौथी पिन वैमानिकाच्या खुर्चीला. वर काही बरंवाईट झालं तर ती खुर्ची वैमानिकाला घेऊन विमानाबाहेर उडते, मग छत्री उघडते. जमिनीवर ती उडू नये म्हणून पिन असते. निघताना मात्र ती काढायलाच हवी. राहिली तर खुर्ची ही नुसती बसायची वस्तू. म्हणून रिवाज असा, की मेस्त्रीनं चारही पिना काढायच्या, विमानासमोर उभं राहून हात उंच करायचा, लाल फिती वाऱ्यावर सोडायच्या. वैमानिकानं काचेतून मोजायचं आणि चार बोटं दाखवायची. मगच विमान हलायचं. परत आलं की त्याच पिना पुन्हा खोचायच्या. पिना सगळ्या सारख्या, कुठलीही कुठल्याही विमानाला बसते.

त्या दुपारी भोंगा वाजला. शत्रूच्या मुलखातला पूल उडवायचा होता, लगेच. जोडीदार इंधनाची नळी गुंडाळत पार दुसऱ्या टोकाला होता. म्हणून आजोबांनी दोन्ही विमानांच्या पिना एकट्यानं काढल्या. या शिडीवर चढ, त्या शिडीवर चढ, वाक, पळ. बिस्किटसाहेबांनी पट्टे आवळता आवळता नेहमीचं म्हटलं, "मेस्त्री, आज काही परत येत नाही."

"येणार साहेब, निघा आता!"

आजोबा दोन्ही विमानांच्या मधे उभे राहिले आणि दोन्ही मुठी वर केल्या. चार बोटं कुणीच दाखवली नाहीत. दोघांनी नुसता अंगठा दाखवला आणि निघाले. पुढं आजोबांच्या विमानाची तिन्ही चाकं मिटताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

दीड तासानं लंबूसाहेब आले, पंखाला टपोरी भोकं घेऊन. जोडीदार धावत आला, आजोबांच्या हातातून चार पिना ओढून घेतल्या आणि पळाला. तीन चाकांना तीन, खुर्चीला एक. पिनांची चारही भोकं रिकामी होती, चारही पिना बसल्या. आजोबा हलले नाहीत. आपलं विमान यायचं असलं की मेस्त्री धावपट्टीची कड सोडत नाही. दोन तास झाले. विमानात इंधनच दोन तासांचं असतं. अडीच झाले. मग आजोबांनी मूठ उघडून पाहिली.

तीन पिना.

एकदा मोजल्या. खिसे उलटे केले. गुडघ्यांवर बसून गवत चाचपलं. तीनच. लंबूसाहेबांच्या विमानाच्या चार पूर्ण झाल्या होत्या, म्हणजे राहिली ती आपल्या विमानातली. चाकं तर मिटली होती. मग उरली कुठली? दोन्ही शिड्या चढल्याचं आठवत होतं. तिसऱ्या पायरीवर उभं राहून आत वाकल्याचं आठवत होतं. तिथून खुर्चीची पिन काढली का, हे मात्र काही केल्या आठवेना.

चौकशीला मोठे साहेब आले. "पिना?"

"काढल्या सर. सगळ्या."

कागदावर तसंच उतरलं. त्या तीन पिना सामानखान्यात परत करायच्या होत्या. आजोबांनी केल्या नाहीत. चौथी कुठाय, असं विचारलं असतं.

नोकरीची मुदत संपल्या दिवशी ते बाहेर पडले आणि विमानापेक्षा पुष्कळ लहान यंत्र निवडलं, जे जमिनीवरून हलत नाही. मशीन खोललं की एकेक स्क्रू पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडतात. गिऱ्हाईकाला म्हणतात, "मोजा." काम झालं की पुन्हा, "मोजा." कुणी म्हणतं, अहो काका, विश्वास आहे तुमच्यावर. तर आजोबा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतात. "विश्वास नको. मोजा."

आणि रोज सकाळी दुकान उघडलं की झाडू हातात घ्यायच्या आधी खिळ्यावर बोट ठेवतात. "एक. दोन. तीन." मग जरा थांबतात, कुणीतरी पुढचा आकडा सांगेल म्हणून थांबावं तसे. आजी मागच्या दारातून ओरडते, "झालं का? चहा निवतोय." तिला लग्नानंतर एकदाच सगळं सांगितलं होतं. ऐकून ती "बरं" म्हणाली होती, आणि त्या दिवसापासून घरातले दिवे तिनं बदलायला घेतले.

यंदा एक पत्र आलं. जुन्या धावपट्टीवर दगड उभारताहेत. त्या लढाईत तिथून उडालेल्या आणि न परतलेल्या अकरा वैमानिकांची नावं त्यावर कोरली आहेत. घरची माणसं येणार, तेव्हाच्या मेस्त्रींनीही यावं. पत्र नातीनं मोठ्यानं वाचलं, सरकारी घोगऱ्या आवाजात, कारण तिला साध्या आवाजात काही वाचताच येत नाही. बिस्किटसाहेबांच्या नावापुढं लिहिलं होतं, धाकटी बहीण उपस्थित राहील. आजोबांनी चष्मा काढला. त्या दुपारी मशीन बंद ठेवून त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती कुणाचाच आवाज न काढता ऐकत राहिली.

रात्रीच्या जेवणाला ते आजीला म्हणाले, "मी त्या बहिणीला सांगणार आहे."

"काय?"

"पिन राहिली म्हणून."

आजीनं ताट सरकवलं. "पन्नास वर्षांनी? तिचं काय भलं होणार त्यात?"

"भलं नाही. पण तिच्या भावाचं काय झालं ते तिच्या मालकीचं आहे. ते मी खिळ्याला टांगून ठेवलंय."

"आणि तिनं थोबाडीत मारली तर?"

"मारू दे."

"मग चष्मा आधी काढून ठेवा. नवीन आहे."

एवढं बोलून आजी उठली, पण ताटातलं तसंच होतं.

समारंभ सकाळी होता. धावपट्टीला भेगा पडल्या होत्या, भेगांतून गुडघाभर गवत. दगडावर कापड, समोर खुर्च्या, आणि माइकवर एक पाहुणे, ज्यांना "आकाशाला गवसणी" हे शब्द फार आवडले होते. "आकाशाला! गवसणी! घालणारे हे महापुरुष!" नात पुढं आठवडाभर तो आवाज काढत होती. पण तेव्हा ती पाहत होती आजोबांचा हात. तो कोटाच्या खिशात होता आणि आतल्या आत मोजत होता. आत तीन पिना होत्या. महापुरुष! बावीस वर्षांचं पोर, कडक बिस्किटावर पैजा लावणारं.

मग काठी टेकत एक वाकलेला उंच म्हातारा उठला आणि त्यानं एकेक करून अकरा नावं वाचली. आवाज ऐकताच आजोबांनी ओळखलं. लंबूसाहेब. प्रत्येक नावाला घरचं कुणीतरी पुढं येऊन फूल ठेवत होतं. नवव्या नावाला लंबूसाहेब थांबले, पाणी प्यायले, मग वाचलं. एक सडपातळ बाई पुढं आल्या, पायात कापडी बूट, केस पूर्ण पांढरे. भाऊ गेला तेव्हा त्या सोळा वर्षांच्या असतील.

कार्यक्रम संपला, लोक चहाकडे वळले. आजोबा वळले नाहीत. बाई दगडापाशीच उभ्या होत्या, लंबूसाहेब त्यांच्याशी बोलत होते. आजोबा समोर जाऊन उभे राहिले आणि खरंच चष्मा काढून नातीच्या हातात दिला.

"ताई, मी तुमच्या भावाच्या विमानाचा मेस्त्री."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही ते बिस्किटवाले मेस्त्री? अहो, तो प्रत्येक पत्रात लिहायचा! आजही हरलो, मेस्त्रीला हरवताच येत नाही. आई म्हणायची, एवढी बिस्किटं देतो तर हा खातो काय?" त्या हसल्या. हसताना डोळे भरले, ते त्यांनी पुसले नाहीत.

आजोबांनी आधी काय ठरवलं होतं, पाठ काय केलं होतं, ते सगळं विसरले. खिशातून मूठ काढली आणि उघडली. "या तीन आहेत. चार पाहिजेत. चौथी त्याच्या खुर्चीला राहिली. मी काढली नाही. त्याला बाहेर उडी घेता आली नसणार, ते माझ्यामुळं. चौकशीत मी खोटं बोललो. हे तुम्हाला सांगायचं होतं."

बाई त्या पिनांकडे पाहत राहिल्या. लंबूसाहेबांच्या हातातली काठी खाली पडली, ती नातीनं उचलली. लंबूसाहेबांनी खिशात हात घातला आणि किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढला. घराची किल्ली, कपाटाची किल्ली, एक गंजलेली, कशाची कोण जाणे. आणि या सगळ्या किल्ल्या ओवलेल्या होत्या एका पोलादी पिनेच्या डोक्यावरच्या वळीत. बोटभर लांबीची. फितीचा नुसता टोकाएवढा तुकडा उरला होता, एकेकाळी लाल असलेला.

"मेस्त्री," लंबूसाहेब म्हणाले, "ती माझ्या खुर्चीला होती. वर गेल्यावर हाताला फीत लागली. मी उपसली आणि खिशात टाकली."

आजोबांना काही समजेना. "तुमच्या? पण तुमची चार भोकं रिकामी होती."

"असणारच. चौथं मीच रिकामं केलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुला शिक्षा झाली असती रे. आणि खरं सांगू? मलाही झाली असती. मोजायचं काम माझं होतं. मी नुसता अंगठा दाखवून निघालो. म्हटलं, चूक दोघांची, तिच्यानं कुणाचं काही वाकडं झालं नाही, मिटवून टाकू."

आजोबा हळूच म्हणाले, "शिक्षा परवडली असती साहेब."

लंबूसाहेबांना तो शब्द लागला. मग बाईंनीच विचारलं, अगदी शांतपणे, "मग खुर्ची चालू होती, तर तो बाहेर का नाही पडला?"

"फार खाली होतो आम्ही. पूल दरीत होता, झाडांच्या शेंड्यांना घासत जावं लागलं. तो माझ्या पुढं होता. त्या उंचीवरून खुर्ची कुणालाच वाचवत नाही, ताई. पिन असो नसो. आणि त्याला ते निघतानाच माहीत होतं. आम्हा दोघांनाही माहीत होतं."

ओझं उतरलं की माणूस हलका होतो म्हणतात. आजोबा मटकन गवतात बसले. पन्नास वर्षं ते त्या पोराला आपल्या चुकीच्या आधारानं धरून होते. ती चूक त्याच्या विमानात झालीच नव्हती, आता त्याला धरायचं कशाच्या आधारानं? लंबूसाहेबांनी एकेक किल्ली काढली. शेवटची किल्ली निघेना, तेव्हा आजोबांनीच बसल्या जागेवरून हात पुढं केला आणि नखानं वळी सोडवली. मेस्त्री तो मेस्त्रीच.

आता त्यांच्या तळहातावर चार होत्या. त्यांनी चारही बाईंपुढं धरल्या. बाईंनी एकेक हातात घेतली, अंगठ्यानं पुसली आणि चारही परत त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "माझ्याकडं त्याची पत्रं आहेत," त्या म्हणाल्या. "ही तुमची पत्रं. तुम्ही ठेवा."

ते घरी पोचले. आजीनं दार उघडलं, आधी चष्मा पाहिला, मग गाल. "मारली नाही वाटतं."

"नाही."

"मग असं तोंड का?"

आजोबांनी चौथी पिन तिच्या हातात ठेवली. आजीनं ती उजेडात धरली, उलटी सुलटी केली आणि पदराच्या टोकात बांधून टाकली. रात्रभर ती तिथंच होती, कारण आजी कुणाला दिसेल असं रडत नाही.

जेवताना नात म्हणाली, "आजोबा, आता उद्यापासून मोजणं बंद. सगळं कळलं ना? आता काय राहिलं मोजायला?"

"मोजणार."

"नाही मोजणार. पैज!"

"कशाची?"

नात म्हणाली, "एका बिस्किटाची."

आजोबांनी घास हातात तसाच धरून तिच्याकडं पाहिलं. "लागली."

सकाळी ती त्यांच्या आधी दुकानात जाऊन शटर वर करून स्टुलावर बसली. पलीकडं शिंपी पहिल्या गिऱ्हाइकासाठी पहिलं विमान ढगाच्या वर चढवत होता. आजोबा आले. मागून आजीनं येऊन पदराची गाठ सोडली, चौथी पिन खिळ्याला अडकवली आणि काही न बोलता परत गेली. आजोबांनी बोट उचललं.

"एक. दोन. तीन. चार."

"आजोबा! अहो, आता कशाला?"

आजोबांनी फिती सारख्या केल्या, गुंता होऊ नये म्हणून. "विमान उतरलं की लगेच खोचाव्या लागतात. हाताशी नकोत?"

नात स्टुलावरून उठली. मग ती समोरच्या दुकानात गेली आणि बिस्कीट घेऊन आली. आजोबांनी ते दोन बोटांत धरलं, हलकेच दाबलं. ते लगेच मोडलं.

"मऊ आहे," ते म्हणाले, आणि तरीही पाण्यात बुडवून खाल्लं.